१०० वॉटचा टीव्ही: तालुक्याचं लोकल चॅनल काढण्याआधी हा इतिहास वाचा



"सर, आमच्या तालुक्याचं लोकल चॅनल काढायचं आहे. कॅमेरा कोणता घेऊ?" चंद्रपूर आणि गडचिरोलीकडच्या तरुणांचा हा नेहमीचा प्रश्न. कधी ब्रह्मपुरीहून येतो, कधी मूलहून, कधी चामोर्शी, आलापल्लीहून. कॅमेऱ्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. पण कॅमेरा हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. त्याआधी तीन प्रश्न सोडवावे लागतात:

१. तुमचं चॅनल पाहणार कोण?
२. त्याचे पैसे देणार कोण?
३. ते बंद करायचं बटण कोणाच्या हातात आहे?

पहिल्या प्रश्नाचा विचार सगळे करतात. दुसऱ्याचा निम्मे लोक करतात. तिसऱ्याचा जवळजवळ कोणीच करत नाही. आणि छोट्या टीव्हीचा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर चांगली चाललेली कामं बंद पडली ती बहुतेक या तिसऱ्या प्रश्नावरच. व्हिडिओत हे सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, कागद-पेन जवळ ठेवा. शेवटी काम करायचं आहे.

१९८२: जिल्हाही नवा, टीव्हीही नवा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्याच्या अकराच दिवस आधी, १५ ऑगस्टला, दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं होतं. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत एशियाड भरलं. टीव्ही हवाय, अशी मागणी देशभर सुरू झाली.

अडचण एकच होती. टीव्हीचा सिग्नल सरळ रेषेत जातो. मध्ये डोंगर आला, दाट जंगल आलं, की संपला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, पण मुंबईचा टॉवर सिरोंच्याला काय कामाचा? प्रत्येक ठिकाणी मोठा टॉवर उभारायला पैसा नव्हता आणि वेळही नव्हता.

उपाय निघाला तो छोट्या ट्रान्समीटरचा. सरकारी भाषेत एलपीटी, म्हणजे लो पॉवर ट्रान्समीटर. ताकद १०० वॉट. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी! त्याहून लहान जागेसाठी १० वॉटचा व्हीएलपीटी. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला आणि हे गणित जमलं. एक डिश, एक यंत्र, एक टॉवर, सांभाळायला दोन-चार माणसं. डिशने उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायचा आणि तोच आजूबाजूच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये सोडायचा. १९८४ मध्ये तर काही महिने देशात सरासरी दिवसाला एक ट्रान्समीटर उभा राहत होता. मोठ्या शहरांपासून लांब असलेल्या भागांत टीव्ही पोचला तो प्रामुख्याने अशा छोट्या यंत्रांमुळे.

आता थोडं गणित करू. १५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साधारण ७०० चौरस किलोमीटर. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. म्हणजे अख्खा जिल्हा झाकायला अशी वीस वर्तुळं लागतील, आणि तीही जमीन सपाट असेल तर. गडचिरोलीत तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला सरासरी ७४ माणसं राहतात. म्हणजे एका वर्तुळात बावन्न हजारांच्या आसपास लोक, घरं धरली तर बारा-तेरा हजार.

हा आकडा कागदावर लिहून ठेवा. बारा हजार घरं. पुढे लागणार आहे.

टॉवर होता, पण स्टेशन नव्हतं

आपले तीन प्रश्न या एलपीटीला लावून पाहू.

पाहणार कोण? सगळे. एका घरात सेट, अंगणात अख्खी आळी. १९८४ मध्ये 'हम लोग' मालिका सुरू झाली, पुढे 'रामायण' आलं, हे तुमच्या आईवडिलांना विचारा.

पैसे देणार कोण? दिल्ली. जाहिरातीही दिल्लीच्या, साबण आणि टूथपेस्टच्या. चंद्रपूरच्या गोलबाजारातल्या दुकानदाराला त्या यंत्रावर दहा सेकंद विकत घ्यायची सोय नव्हती.

बटण कोणाच्या हातात? तेही दिल्लीच्याच.

एलपीटीला स्टुडिओ नव्हता, कॅमेरा नव्हता, बातमीदार नव्हता. वरून आलं ते खाली सोडायचं, एवढंच काम. सिरोंच्याकडे लोक तेलुगू बोलतात, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली वस्त्या आहेत, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी कानावर पडते. इतक्या भाषांच्या जिल्ह्यात वरून येत होती मुख्यतः हिंदी. धानावर कोणता रोग आलाय, कोणत्या नाल्यावरून पाणी जातंय, यातलं त्या यंत्राला काही सांगता येत नव्हतं. म्हणजे टॉवर गावाजवळचा, पण माल सगळा बाहेरचा.

शेवट कसा झाला? प्रसार भारतीने देशातले हे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं गेलं की मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास सोडून बाकी सगळे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. बहुतेक घरं तोवर केबलकडे, डिशकडे, नाहीतर दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशकडे वळली होती. यंत्राचं काम फक्त पोचवण्याचं होतं. पोचवण्याचा स्वस्त मार्ग आला, यंत्राची गरज संपली.

धंद्याच्या भाषेत हे पक्कं लक्षात घ्या. दुसऱ्याचा माल नुसता पुढे ढकलणारा माणूस तोवरच टिकतो, जोवर त्याच्यापेक्षा स्वस्त ढकलणारा येत नाही. दिवसभर दुसऱ्यांचे व्हिडिओ आणि मुंबईच्या बातम्या फॉरवर्ड करणारं 'लोकल' पेज म्हणजे आजचा एलपीटीच आहे.

पीज: ज्यांच्याकडे सगळं होतं, बटण सोडून

मग खरोखर स्थानिक असलेलं छोटं टीव्ही स्टेशन आपल्या देशात कधी झालंच नाही का? झालं. त्यासाठी शेजारच्या गुजरातेत जाऊ. खेडा जिल्ह्यात नडियादजवळ पीज नावाचं गाव आहे.

१९७५ मध्ये इस्रोने अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून देशातल्या सहा राज्यांत २,४०० गावांना टीव्ही दाखवण्याचा एक वर्षाचा मोठा प्रयोग केला. त्याचं नाव साइट. त्याच काळात पीजला १ किलोवॉटचा ट्रान्समीटर बसवला गेला. पल्ला सुमारे ३५ किलोमीटर. उपग्रहाचा प्रयोग १९७६ मध्ये संपला, पण पीज चालू राहिलं. सुमारे ४०० गावांत साडेसहाशेच्या आसपास सार्वजनिक टीव्ही सेट ठेवले होते. संध्याकाळी माणसं जमायची आणि एकत्र बघायची.

फरक होता तो मालात. कार्यक्रम अहमदाबादच्या स्टुडिओतून आणि थेट गावांत जाऊन बनायचे. गावातलीच माणसं त्यात काम करायची, काही जण लिहायचेसुद्धा. विषय त्यांचेच: शेतमजुराची मजुरी, हुंडा, दारू, जातीचा जाच, गुरांचे आजार. मालिका बनवण्याआधी संशोधक गावात जाऊन विचारायचे, बनवल्यावर परत जाऊन विचारायचे, "समजलं का? पटलं का?" आज आपण ज्याला कस्टमर फीडबॅक म्हणतो, ते काम ही मंडळी पन्नास वर्षांपूर्वी करत होती. १९८४ मध्ये ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार या खेडा प्रकल्पाला मिळाला.

आणि १९८५ मध्ये पीज बंद झालं. ट्रान्समीटर चेन्नईला दुसऱ्या चॅनलसाठी हलवायचं ठरलं. खेड्यातल्या लोकांनी विरोध केला, पण निर्णय बदलला नाही.

प्रेक्षक होते. माल उत्तम होता. जगाने पाठ थोपटली होती. तरी बंद. का? दुसरा आणि तिसरा प्रश्न लावून बघा. पैसा सरकारचा, जाहिराती नव्हत्या. यंत्र सरकारचं, निर्णय सरकारचा. प्रेक्षकांचा त्यात एक रुपयाही नव्हता, म्हणून त्यांना मतही नव्हतं.

आता यातली खरी गंमत बघा. ते सार्वजनिक टीव्ही सेट गावात ठेवायचे कुठे? बहुतेक वेळा दूध सोसायटीच्या समोर. खेडा म्हणजे अमूलचा जिल्हा, आणंद तेव्हा खेड्यातच होतं. तिथला दूध संघ १९४६ चा. त्याच गावातली तीच माणसं संध्याकाळी सोसायटीत दूध घालायची आणि समोर बसून टीव्ही बघायची. सोसायटीचे ते सभासद होते. दूध त्यांचं, हिशेब त्यांच्यासमोर, मतही त्यांचं. ती सोसायटी उचलून चेन्नईला न्यायचं कोणी ठरवूच शकलं नसतं. टीव्ही मात्र दहा वर्षांत गेला.

एकाच ओट्यावरच्या दोन गोष्टी. एकीत गावाची मालकी होती, दुसरीत फक्त गावाचं प्रेम होतं. चॅनल काढायच्या आधी हा फरक समजून घ्या.

आणि ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेतही १९८२ मध्येच छोट्या गावांसाठी लो पॉवर टीव्हीचं वेगळं लायसन्स सुरू झालं. तिथे खासगी माणसाला ते मिळतं, चर्च, कॉलेज, छोटे धंदेवाले अशी स्टेशनं चालवतात. पण अट अशी, की मोठ्या स्टेशनला त्रास झाला तर छोट्याने बाजूला व्हायचं. म्हणजे स्टेशन तुमचं, पण बसायची जागा दुय्यमच.

केबलवाल्याचं लोकल चॅनल

परत आपल्या भागात येऊ. १९९१ मध्ये आखाती युद्ध आणि स्टार टीव्ही, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही. गावोगावी केबलवाले उभे राहिले. छतावर डिश, खोलीत कंट्रोल रूम, तिथून विजेच्या खांबांवरून वायर. हा पूर्णपणे छोट्या माणसाने उभा केलेला धंदा. १९९५ च्या केबल कायद्याने त्याला चौकट दिली. तेव्हा हेड पोस्ट ऑफिसात फी भरून नोंदणी करावी लागायची.

या केबलवाल्याकडे एक गोष्ट होती, जी एलपीटीकडे नव्हती: स्वतःचं रिकामं चॅनल. सुरुवातीला त्यावर व्हीसीआर लावून रात्री सिनेमा. मग गणपतीच्या मिरवणुका, शाळेचं गॅदरिंग, नगरपालिकेची निवडणूक. खाली सरकती पट्टी: साडी सेल, कोचिंग क्लास, अमुक डॉक्टर मंगळवारी येणार. गावातल्या दुकानदाराला पहिल्यांदाच परवडेल अशी टीव्हीची जाहिरात मिळाली. विदर्भापासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत अशी लोकल केबल चॅनल चालली, काही तर चांगलीच मोठी झाली.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथे पहिल्यांदा गावात होती. पाहणारे गावातले, पैसे देणारे गावातले (दर महिन्याला घरोघरी वसुली!), बटण केबलवाल्याच्या खोलीत.

मग आलं डिजिटायझेशन. २०११ मध्ये कायदा बदलला. १ नोव्हेंबर २०१२ पासून महानगरं, ३१ मार्च २०१३ ला नागपूरसारखी मोठी शहरं, मग ३१ डिसेंबर २०१५ ही बाकी शहरांची तारीख आणि शेवटी, मुदती वाढत वाढत, ३१ मार्च २०१७ ही ग्रामीण भागाची. प्रत्येक घरात सेट-टॉप बॉक्स. सिग्नल आता केबलवाल्याच्या खोलीत तयार होत नाही, मोठ्या कंपनीकडून म्हणजे एमएसओकडून बंद होऊन येतो. कोणत्या घरात कोणतं चॅनल चालू, हे एमएसओच्या कॉम्प्युटरवर ठरतं. केबलवाल्याकडे उरली ती वायर, दुरुस्ती आणि वसुली.

ग्राहकाच्या दृष्टीने यात फायदेही होते, चित्र स्वच्छ झालं, चॅनल वाढली. पण धंद्याच्या दृष्टीने बघा: बटण खोलीतून उठून शहरात गेलं.

आजचा नियमही समजून घ्या. ३० नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केबलवरच्या अशा चॅनलला 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणतात. नोंदणी एमएसओने करायची, प्रत्येक चॅनलला एकदाच १,००० रुपये. एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त अशी चॅनल ठेवता येत नाहीत. दाखवलेलं सगळं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचं. म्हणजे केबलवर यायचं असेल तर केबलवाल्या भाऊंशी ओळख पुरत नाही. त्यांच्या वरच्या एमएसओशी लेखी करार लागतो.

आणि स्वतःचा टॉवर? "सर, छोटा ट्रान्समीटर आणून लावला तर?" नाही. आपल्या देशात हवेतून टीव्ही सोडायचा परवाना खासगी माणसाला मिळत नाही, ते फक्त दूरदर्शनचं काम आहे. १०० वॉटचं कम्युनिटी रेडिओ मिळू शकतं, पण ते ना-नफा संस्था, शिक्षण संस्था, कृषी विज्ञान केंद्र यांना. धंदा म्हणून नाही.

टीव्ही नाही, तरी चालतंय: झाडीपट्टीकडे बघा

आता तुम्ही म्हणाल, मग स्थानिक करमणुकीचा धंदा आपल्याकडे टिकतच नाही का? अहो, तुमच्या दारातच टिकलाय. वडसा, म्हणजे देसाईगंजला जाऊन या.

धान घरात आलं, दिवाळी झाली, की मंडई सुरू होते. दिवसा शंकरपट, बाजार, पाहुणे. रात्री मंडपात नाटक, ते पहाटेपर्यंत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत ही झाडीपट्टी रंगभूमी चालते. कंपन्यांची बुकिंग ऑफिसं वडशाला. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

दूरदर्शन आलं, केबल आली, मोबाईल आला. तरी हा मंडप उभा आहे. तीन प्रश्न लावा. पाहणार कोण? त्या गावातले आणि खास नाटकासाठी आलेले पाहुणे. पैसे देणार कोण? गावातलं मंडळ कंपनी ठरवतं, तिकीट लावतं, प्रेक्षक खिशातून पैसे देतो. बटण? गावाच्या मंडळाकडे. नाटक आवडलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरी कंपनी. वरून कोणी "यंदा मंडई बंद, यंत्र चेन्नईला न्यायचंय" असं सांगू शकत नाही.

या धंद्याला अडचणी नाहीत असं नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचाच, आणि कोरोनाच्या काळात गर्दीच बंद झाली तेव्हा कलाकारांचे हाल झाले. पण पाया बघा: पैसा प्रेक्षकाकडून थेट येतो.

यूट्यूब म्हणजे तुमचा आजचा एलपीटी

आता तुमच्या चॅनलकडे येऊ. यूट्यूब, फेसबुक, व्हॉट्सअॅप. टॉवर फुकट, पल्ला अख्खं जग. यापेक्षा चांगलं काय?

पहिला प्रश्न सुटला. दुसरा अर्धा सुटला. तिसरा? दोन तारखा सांगतो.

२० फेब्रुवारी २०१८. यूट्यूबने नवा नियम लागू केला: जाहिरातीचे पैसे हवे असतील तर किमान १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलेले हवेत. त्याआधी एकूण १०,००० व्ह्यूज पुरत होते. खालच्या सगळ्या छोट्या चॅनलचं जाहिरातीचं उत्पन्न थांबलं.

२९ जून २०२०. सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीचं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, त्यात आपण पडत नाही. पण खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींचे लाखो फॉलोअर्स एका रात्रीत गेले. त्यातल्या कोणाकडे आपल्या प्रेक्षकांची वही होती?

हे पीजचंच दुसरं रूप आहे. मी यूट्यूब सोडा म्हणत नाही. आपलं स्वतःचं चॅनलही तिथेच आहे. वापरा, भरपूर वापरा. फक्त त्याला टॉवर समजा, दुकान समजू नका.

आता कागद काढा

एक. वर्तुळ काढा. तुमच्या गावाभोवती १५ किलोमीटरचं. ते बारा हजार घरांचं गणित आठवतंय? तुमच्या वर्तुळात कदाचित आठ हजार असतील, चंद्रपूर-बल्लारपूरकडे कितीतरी जास्त. या वर्तुळातल्या माणसाला दर आठवड्याला लागणाऱ्या दहा गोष्टी लिहा. धान खरेदी केंद्र कधी उघडणार. वीज कधी जाणार. एसटीची बदललेली वेळ. कोणत्या शिवारात वाघ दिसला. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे ही करमणुकीची बातमी नाही, जिवाची आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा तिकडच्या माणसाला मुंबईच्या पावसाची बातमी नको असते. तुमच्या भागात माडिया किंवा तेलुगू बोलत असतील तर त्या भाषेत दोन मिनिटं बोलणारा माणूस शोधा. हे काम नागपूर-मुंबईचं कोणतंही चॅनल करणार नाही. तीच तुमची जागा.

दोन. कॅमेऱ्याआधी वीस दुकानदार. मोबाईलवर चार नमुना भाग बनवा आणि ते घेऊन बाजारात फिरा. उदाहरण धरू: महिन्याला ६०० रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ, वीस दुकानदार. महिन्याचे झाले १२,०००. आता खर्च मांडा: पेट्रोल, नेट, एडिटिंग करणाऱ्या मुलाचा पगार आणि तुमचा स्वतःचा पगार. हो, तुमचा पगार खर्चात धरायचाच. बसत नसेल तर वीसचे चाळीस करा, नाहीतर आठवड्याचे भाग कमी करा. वीसपैकी पाचच जण आगाऊ द्यायला तयार झाले, तर तेही उत्तरच आहे. ते कॅमेरा घेण्याआधी कळलं हे बरं.

आणि एक स्पष्ट सांगतो. "जाहिरात द्या, नाहीतर बातमी लावतो" हा धंदा नाही, गुन्हा आहे. असं करणाऱ्यांमुळे लोकल चॅनल म्हटलं की दुकानदार शटर ओढतो. तुमची पहिली लढाई या नावाशीच आहे.

तीन. वही तुमची ठेवा. प्रेक्षकांची नावं आणि नंबर, त्यांच्या परवानगीने, तुमच्या स्वतःच्या वहीत आणि कॉम्प्युटरवर. सगळे व्हिडिओ स्वतःच्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन ठिकाणी. वेबसाइटचं नाव स्वतःच्या नावावर, मित्राच्या किंवा डिझायनरच्या नावावर नाही. चॅनलचा पासवर्ड ज्या मेलवर आहे तो मेल तुमचा. उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे.

चार. दोन रस्ते ठेवा. एकच भाग यूट्यूबवर, व्हॉट्सअॅपवर आणि जमलं तर लेखी करार करून केबलवर. नियम एवढाच: कोणत्याही एका कंपनीकडून तुमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न येता कामा नये. उरलेलं थेट ग्राहकाकडून आलं पाहिजे: दुकानदार, लग्नाचं शूटिंग, मंडईच्या नाटकांची जाहिरात, शाळांचे व्हिडिओ.

पाच. कायदा पाळा. डिजिटल बातम्या देणाऱ्यांना २०२१ चे आयटी नियम लागतात. माहिती व प्रसारण मंत्रालयाला तुमची माहिती कळवायची, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क प्रसिद्ध करायचा, आलेल्या तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यायचा. छोटं आहे म्हणून सूट, असं समजू नका.

मित्रांनो, पल्ला कमी आहे म्हणून लाजू नका. पंधरा किलोमीटरमध्ये धंदा होतो, वडशाच्या नाटक कंपन्या दर हंगामात तो करून दाखवतात. पण पीजच्या लोकांचं जे झालं ते तुमच्या प्रेक्षकांचं होऊ देऊ नका. आज रात्री एका कागदावर तीन प्रश्न लिहा. तिसऱ्याच्या समोर एका कंपनीचं किंवा एका माणसाचं नाव येत असेल आणि ते तुमचं नसेल, तर कॅमेऱ्याचे पैसे आठ दिवस खिशातच ठेवा आणि आधी बाजारात जाऊन पहिले वीस दुकानदार शोधा.

तुमच्या तालुक्याचं वर्तुळ आणि त्या दहा गोष्टी आम्हाला जरूर लिहून पाठवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.